हेतूची झडती

मद्रास इलाख्यातल्या ओंगोल गावी जॉन एव्हरेट क्लफ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी राहत होते. १८७६ साली पाऊस गेला, पाठोपाठ पिकं गेली आणि लाखो माणसांचा बळी घेणारा तो दुष्काळ दक्षिण हिंदुस्थानावर कोसळला. मिशनमध्ये येण्यापूर्वी क्लफ यांनी अमेरिकेत जमीन मोजणीचं काम केलं होतं, ते इथं कामी आलं. सरकार तेव्हा बकिंगहॅम कालवा खोदत होतं. त्यातल्या काही मैलांचं खोदकाम क्लफ यांनी अंगावर घेतलं आणि हजारो भुकेल्यांना मजुरी मिळवून दिली. त्यांच्या छावणीत आलेल्यांपैकी पुष्कळ जण मादिगा समाजाचे होते, म्हणजे चामड्याचं काम करणारे आणि गावकुसाबाहेर राहणारे. देखरेखीला मिशनचेच तेलुगू प्रचारक होते. दिवसभर माती उपसायची आणि विसाव्याला बसलं की प्रचारकाचं बोलणं ऐकायचं, असा क्रम पडला. थोड्याच दिवसांत लोक बाप्तिस्मा मागू लागले.

क्लफ यांनी तो द्यायचं नाकारलं. वर्षभराहून अधिक काळ त्यांनी कोणालाच मंडळीत घेतलं नाही. हातात मजुरीची थैली असताना दारात आलेला माणूस देवासाठी आला की थैलीसाठी, हे आपल्याला ओळखता येणार नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. मग पाऊस झाला, मदतीचं काम आटोपलं आणि दार उघडलं. ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलाकम्मा नदीच्या पात्रात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या काही आठवड्यांत हा आकडा नऊ हजारांच्या पुढं गेला.

अमेरिकेतल्या मिशनच्या मासिकांनी या आकड्याचा जयजयकार केला, ते स्वाभाविकच होतं. पण क्लफ यांचा प्रामाणिकपणा कबूल करूनही एक शंका उरते. मजुरी थांबली म्हणून मजुरीची आठवण थांबते का? जगाच्या अंतापर्यंत जगवील असं सांगणाऱ्या देवापेक्षा, गेल्या उन्हाळ्यात आपल्या पोरांना जगवणारा साहेब त्या लोकांना जास्त ठाऊक होता. त्या साहेबाचा देव चांगला असणार, असं त्यांना वाटलं असेल तर त्या वाटण्याला लोभ म्हणायचं, कृतज्ञता म्हणायची की श्रद्धेची सुरुवात? क्लफ यांची कसोटी धान्य मोजू शकत होती. त्यापुढचं तिच्या आवाक्यात नव्हतं.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: ख्रिस्ताच्या मागं जाणारा माणूस कशासाठी जातो, आणि त्याच्या हेतूची झडती कोणी, केव्हा घ्यायची? महाराष्ट्रात हा प्रश्न बहुतेक वेळा बाहेरून विचारला गेला. ‘पोटासाठी बाटले’ हे दोन शब्द उच्चारले की चौकशी पुरी होत असे. गंमत अशी, की हा संशय ख्रिस्ती धर्मग्रंथाला मुळीच नवा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजारांची पंगत उठते. दुसऱ्या दिवशी तीच गर्दी येशूला शोधत सरोवरापलीकडं पोचते, तेव्हा येशू त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. त्यानंतरचं त्याचं बोलणं इतकं अवघड होत जातं की पुष्कळ शिष्य तिथूनच परत फिरतात. बारा शिष्यांपैकी दोघांची आई तर आपल्या मुलांना येणाऱ्या राज्यात उजवी-डावीकडची आसनं मिळावीत म्हणून शब्द टाकायला येते. जुन्या करारात ईयोबाच्या गोष्टीची सुरुवातच सैतानाच्या एका खोचक प्रश्नानं होते: हा माणूस देवाला भितो, ते काय फुकट? आस्तिकाच्या हेतूवर इतका थेट हल्ला नास्तिकांनीही क्वचितच केला असेल. तो त्या धर्माच्या पोथीतच छापलेला आहे.

इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकननं बिशप ऑगस्टीनला एक अडचण लिहून कळवली. नवखी माणसं आपल्याकडं धर्म समजून घ्यायला येतात, त्यांच्याशी बोलावं कसं? उत्तरादाखल ऑगस्टीननं एक छोटं पुस्तकच लिहिलं. ख्रिस्ती होणं तोवर रोमन साम्राज्यात सोयीचं झालं होतं. कोणाला वरिष्ठाची मर्जी हवी असे, कोणाला त्रास टाळायचा असे. ऑगस्टीनला हे पक्कं माहीत होतं. आलेल्या माणसाला तू का आलास हे आधी विचार, असं तो सांगतो. तो खोटं बोलला, उदात्त हेतूचा आव आणला, तरी त्याला खोटा पाडत बसू नकोस. त्यानं जो हेतू सांगितला त्याचीच वाखाणणी कर, म्हणजे आपण जसे दिसू पाहतो तसं व्हावं अशी त्याला इच्छा होईल. हा सल्ला धूर्त आहे आणि दयाळूही आहे. दारात चाळण लावण्यापेक्षा आत घेऊन भट्टी पेटवावी, असा त्याचा रोख आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथं गीतेचा सातवा अध्याय आठवेल. तिथं भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी सर्वांत जवळचा खरा, पण संकटात सापडलेला आणि काहीतरी मागायला आलेला, या दोघांनाही तिथं हाकललेलं नाही. चौघेही उदारच, असा निर्वाळा आहे. पंढरीच्या वाटेवर मूल व्हावं म्हणून चालणारी बाई आणि काहीच न मागता चालणारा म्हातारा एकाच दिंडीत असतात. दिंडीत कोणी त्यांचे हेतू तपासत नाही. ख्रिस्ती होणाऱ्याच्या बाबतीत मात्र आपली वृत्ती एकदम पालटते आणि शुद्ध जिज्ञासेखेरीज दुसरं काहीच चालेनासं होतं.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात ही शुद्ध जिज्ञासा दाखवणारी माणसं नव्हती असं नाही. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला ते बसले आणि खंडन करता करता १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. बेळगावच्या बाबा पद्मनजींनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिलं, त्यात तर उलटीच झडती आहे. मनाला पटलेलं असूनही आपण इतके दिवस बाहेर का थांबलो, आईबापांची भीती किती, लोकलज्जा किती, याचा हिशेब ते मांडतात. धर्म स्वीकारणाऱ्याच्या हेतूवर आपण इतकं बोलतो, पण न स्वीकारणाऱ्याच्या हेतूलाही पोट आणि पंक्ती असतेच. १८५४ साली अखेर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ आलं. मराठी कादंबरीचा इतिहास तिथून सुरू होतो, हे आपण शाळेत शिकतो आणि लेखकाचा धर्म सोयीनं विसरतो.

पण हेतूचा प्रश्न ज्यांच्या आयुष्यात सर्वांत खोल गेला त्या पंडिता रमाबाई. त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. धर्म बदलण्याचा आपला विचार नाही, असं त्यांनी निघण्यापूर्वी सांगितलं होतं. वाँटेजच्या मठात त्या उतरल्या. तिथल्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं, असा व्यवहार होता. कानांच्या विकारामुळं वैद्यकीचा बेत बारगळला आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. पुण्यात एकच ओरड झाली. परक्या देशात, परक्यांच्या छपराखाली राहणारी एकाकी विधवा, तिच्यापुढं दुसरा मार्ग काय होता, असं हितचिंतकांना वाटलं. इतरांनी मोह, कृतघ्नता असे कठोर शब्द वापरले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

स्वतः रमाबाईंनी काय कारण दिलं? पुढं लिहिलेल्या निवेदनात त्या फुलहॅमच्या एका आश्रमाची हकिकत सांगतात. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना तिथं भगिनी सांभाळत होत्या. अशा स्त्रीला शिक्षा न करता माणसांत परत आणणारा धर्म त्यांनी तोवर पाहिला नव्हता. शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर बोलणारा येशू त्यांना तिथं समजला. म्हणजे त्यांच्या मनाला ओढणारी गोष्ट देवाच्या स्वरूपाचा सिद्धान्त नव्हती, स्त्रियांना मिळणारी वागणूक होती. कडक परीक्षक यालाही ऐहिक हेतू म्हणेल. आणि गंमत पाहा, सर्वांत कडक परीक्षक मठातच निघाल्या.

रमाबाई आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं इंग्रजीत प्रसिद्ध केला. अ. भि. शहा यांनी तो संपादित केला आहे. ख्रिस्ती धर्माच्या मराठी इतिहासात इतका जिवंत दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल. बाप्तिस्मा होऊन दोन वर्षं उलटायच्या आत रमाबाई त्रैक्याच्या सिद्धान्ताबद्दल शंका विचारतात आणि चर्चच्या अधिकारापुढं मान तुकवायला नकार देतात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल आहे. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसतो. जिला आपण अन्न, निवारा आणि धर्म दिला ती इतकी मोकळी कशी, ही खंतही ओळींमधून डोकावते. आश्रित म्हणून बाटली असा ज्यांचा आरोप होता, त्या पुणेकरांनी ही पत्रं वाचली असती तर पंचाईतच झाली असती. आश्रितानं असं बोलायचं नसतं.

पण रमाबाईंनी स्वतःची जी झडती घेतली ती दोन्ही बाजूंच्या परीक्षकांपेक्षा कठोर होती. १९०७ साली छापलेल्या निवेदनात त्या सांगतात की १८८३ साली आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपलं समाधान होईना, तेव्हा जवळजवळ आठ वर्षांनी त्यांच्या हाती विल्यम हॅसलॅम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मवृत्त पडलं. हे हॅसलॅम वर्षानुवर्षं प्रवचनं करणारे पाळक, पण एका रविवारी स्वतःच प्रवचन देत असताना त्यांचं स्वतःचं मन पालटलं. पाळकाची ही कथा तर आपलीही का नको, असं रमाबाईंना वाटलं असावं. मुद्दा असा, की ज्या बाप्तिस्म्यावरून पुणं पेटलं होतं, त्याच्या हेतूबद्दलचा अंतिम निकाल खुद्द बाप्तिस्मा घेणाऱ्या व्यक्तीलाही चोवीस वर्षांनी, आणि तोही स्वतःच्या विरुद्ध, द्यावा लागला.

याच रमाबाईंच्या संस्थेवर पुढं हेतूचा आरोप दुसऱ्या बाजूनं आला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेलं शारदासदन दुसऱ्या वर्षी पुण्यात आलं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथं जाऊन बसत. ‘केसरी’नं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी १८९३ साली राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली केडगावला घेऊन आल्या. इथं टीकाकारांचं म्हणणं सरसकट झटकून टाकणं बरं नव्हे. शारदासदनातली विधवा निदान घरी परत जाऊ शकत होती. केडगावच्या दुष्काळी पोरीला परत जायला घरच उरलेलं नव्हतं. जिथं जेवण, शाळा, हातमाग, छापखाना आणि प्रार्थना एकाच घंटेवर चालतात, तिथं ‘माझी श्रद्धा माझी’ हे वाक्य लहान मुलीच्या तोंडी किती टिकेल? रमाबाईंनी ज्या मोकळेपणासाठी जेराल्डिनबाईंशी भांडण मांडलं, तितका मोकळेपणा केडगावच्या मुक्तिसदनातल्या मुलींना मिळाला का, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी विचारायला हवा. उलट, तो विचारणाऱ्यांनी त्या मुलींना दुष्काळात कोण घेऊन गेलं नाही, हेही सांगायला हवं.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंचं प्रकरण मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, म्हणून इथं थोडक्यात. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका साहेबानं टिळकांना नवा करार दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. यात पोट भरण्याचा प्रश्नच नव्हता, उलट घर मोडलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या आणि त्या पुढं कशा आल्या ते ‘स्मृतिचित्रे’त आहे. त्या आल्या त्या नवऱ्याजवळ. ख्रिस्तासाठी आल्याचा आव त्या कुठंही आणत नाहीत. एका छपराखाली राहायचं, पण सोवळं पाळायचं, असा संसार सुरू झाला. मग जातिभेद माणसांनीच केला आहे असं मनानं घेतलं आणि सोवळं सुटलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. प्रेम, संसाराची ओढ, जातीबद्दलचा उमज आणि सगळ्यात शेवटी श्रद्धा, या क्रमानं आलेली बाई पुढं टिळकांच्या मागं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ पुरं करते. नवऱ्यासाठी आली म्हणून तिला दारातून परत पाठवलं असतं, तर मराठी साहित्याचं काय झालं असतं, हा विचार न केलेला बरा.

टिळकांची स्वतःची झडती आली ती अखेरीस. १९१७ साली त्यांनी मिशनचं वेतन सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. मिशनच्या पगारावर पोसलेली मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहणार नाही, असं त्यांना दिसत होतं. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार चालला नाही. तरी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर पगारावर पाणी सोडण्याची ही कसोटी क्लफ यांच्या कसोटीपेक्षा वेगळी होती. इथं देणारा दार लावत नव्हता, घेणाराच उठून जात होता.

हे सगळे लिहिणारे, वाचणारे, वरच्या जातींतले लोक. त्यांना काय वाटलं ते त्यांनी लिहून ठेवलं. ज्या हजारो महार, मांग, मादिगा, चुहडा कुटुंबांनी गावच्या गाव धर्म बदलला त्यांचे हेतू कोण लिहिणार? १९३३ साली जे. वास्कम पिकेट या अमेरिकन मेथडिस्ट मिशनऱ्यानं हिंदुस्थानातल्या अशा सामुदायिक धर्मांतरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा प्रदेशांतल्या जवळजवळ चार हजार ख्रिस्ती लोकांना ‘तुम्ही ख्रिस्ती का झालात’ असं सरळ विचारलं होतं. पापातून सुटका, देवाचा शोध अशी आध्यात्मिक कारणं ३४.८ टक्क्यांनी दिली. मिशनरीची मदत, मुलांचं शिक्षण, जमीनदाराच्या जाचातून सुटका अशी ऐहिक कारणं फक्त ८.१ टक्क्यांनी. भाऊबंद झाले म्हणून आम्ही झालो, असं सांगणारे २२.४ टक्के. उरलेले ३४.७ टक्के म्हणाले, आमचे आईबाप ख्रिस्ती होते.

या आकड्यांवर फार विसंबू नये. रविवारी पाळकानं जे उत्तर बरोबर म्हणून शिकवलं तेच उत्तर पाहणी करणाऱ्या साहेबाला मिळणार, हे उघड आहे. पिकेट यांच्या पाहणीतली खरी मोलाची गोष्ट पुढची आहे. उपासना, प्रार्थना, वर्गणी अशा गोष्टींत ऐहिक किंवा कौटुंबिक हेतूनं आलेले लोक आध्यात्मिक हेतूवाल्यांच्या तुलनेत अपेक्षेइतके मागं नव्हते. आल्यानंतर त्यांना काय शिकवलं, कोणी शिकवलं, यावर पुष्कळ अवलंबून होतं. पंधराशे वर्षांपूर्वी ऑगस्टीननं देओग्रातियासला हेच तर लिहून कळवलं होतं.

आणि त्या ३४.७ टक्क्यांचं काय? आज महाराष्ट्रातला बहुसंख्य ख्रिस्ती समाज याच गटात बसतो. वसईचं उदाहरण घ्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली तिथं जी धर्मांतरं झाली त्यांत सत्तेचा धाक आणि सत्तेचा लाभ, दोन्ही होते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. सत्ता गेली, लाभ गेला, गोरे पाद्री बहुतेक निघून गेले. मूळचा हेतू धाक किंवा लाभ हाच असेल, तर तो संपल्यावर परत फिरायला कोणाची आडकाठी होती? तरी आज वाडवळ, सामवेदी, कोळी ख्रिस्ती आपल्या बोलींसह तिथं आहेत, आणि त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. राहिलेल्यांच्या हेतूत श्रद्धा किती, सोयरीक किती, सवय किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण त्यांना ते कोणी विचारतही नाही. जन्मानं मिळालेल्या धर्माला हेतूचं प्रमाणपत्र लागत नाही.

हा दुजाभाव सर्वांत स्पष्ट शब्दांत दाखवला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर अस्पृश्यांनी धर्म बदलावा तर तो आध्यात्मिक कारणासाठी, ऐहिक लाभासाठी नको, असा उपदेश चहूकडून सुरू झाला. महाराष्ट्र शासनानं १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात याचा समाचार आहे. फ्रँकांचा राजा क्लोव्हिस आणि त्याची प्रजा ख्रिस्ती झाली, केंटचा एथेलबर्ट झाला, तेव्हा कोणता आध्यात्मिक शोध चालला होता, असं ते विचारतात. क्लोव्हिसची दंतकथा प्रसिद्ध आहे. लढाई हरायची वेळ आली तेव्हा त्यानं बायकोच्या देवाला नवस केला. युरोपातल्या एका बलाढ्य ख्रिस्ती राज्याचा पाया नवसावर असेल, तर नगर जिल्ह्यातल्या महाराला पाणवठ्यावर मोकळं पाणी भरायला मिळावं, ही इच्छा इतकी हलकी कशी ठरते? स्वतः बाबासाहेबांनी शेवटी बुद्धाचा मार्ग धरला. त्यांचा प्रश्न मात्र ख्रिस्ती हेतूंनाही तितकाच लागू पडतो.

स्वतंत्र भारतात ही झडती सरकारकडं आली. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या नागपुरातून निघाला. १९६७ साली ओरिसानं आणि १९६८ साली मध्य प्रदेशानं बळजबरी आणि प्रलोभन यांनी होणाऱ्या धर्मांतराला बंदी घातली. प्रलोभनाची व्याख्या फार ढिली आहे असं ओरिसा उच्च न्यायालयाला वाटलं, पण सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली दोन्ही कायदे वैध ठरवले. बळजबरीबद्दल दुमत असायचं कारण नाही. प्रलोभनाचं मात्र अवघड आहे. मिशनचा दवाखाना हे प्रलोभन, तर स्वर्गाचं वचन काय? आणि शाळेच्या फीमाफीनं हेतू बिघडतो, तर सरकारी सवलतीनं तो बिघडत नाही का?

हा शेवटचा प्रश्न हवेतला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला. १९५६ साली त्यात शिखांची आणि १९९० साली बौद्धांची भर पडली. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो दर्जा अजून नाही. त्यामुळं मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या एखाद्या मांग कुटुंबानं आज बाप्तिस्मा घेतला, तर त्याच्या पदरी अनुसूचित जातीच्या राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि पंचायतीतली राखीव उमेदवारी यांवर पाणी सोडणं येतं. क्लफ यांच्या काळी भाकरी चर्चच्या बाजूला होती, आता ती दुसऱ्या बाजूला आहे. रविवारी उपासनेला जाऊन कागदोपत्री हिंदू राहणारी कुटुंबं यामुळंच आढळतात. अशा माणसाच्या ख्रिस्ती असण्याचा हेतू तपासायचा, की हिंदू असण्याचा? ख्रिस्ती दलितांच्या दर्जाचं हे प्रकरण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ साली सरकारनं माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी आयोगही नेमला.